अठ्ठेचाळिशीतली मॅरेथॉन: दादाच्या ४:४४ चं ४:१३ कसं झालं

मुंबईची फुल मॅरेथॉन (४२ किलोमीटर) ४ तास ४४ मिनिटांत संपवून दादा साताऱ्याला परत आला, मेडल देवापाशी ठेवलं आणि सोफ्यावर बसत एवढंच म्हणाला, "आता वय झालं गं." नुकतीच ४८ पूर्ण झाली होती त्याला. त्याच्या आधीच्या दोन मुंबई ४:४१ आणि ४:३६, म्हणजे तीन वर्षं तो जीव तोडून पळतोय आणि आकडा जागचा हलत नाहीये, उलट मागे सरकलाय. त्या रात्री मी त्याच्या वह्या मागून घेतल्या. दादाला २०० पानी वहीत प्रत्येक रन लिहून ठेवायची सवय आहे, बँकेत असल्यामुळे असेल, तारीख, किलोमीटर, वेळ, घड्याळातले हार्ट रेट, सगळं एका ओळीत नीट. मी कोच नाही, शाळेत गणित शिकवते आणि स्वतः हाफपर्यंतच (२१ किलोमीटर) पळते, पण त्या तीन वह्यांमध्ये जे दिसलं आणि पुढच्या ११ महिन्यांत आम्ही दोघांनी मिळून जे केलं ते सगळं इथे सविस्तर लिहितेय, कारण चाळिशी-पन्नाशीतले असे खूप जण बघते जे दादासारखेच कष्टाला कमी पडत नाहीत आणि तरी अडकून बसलेत.

आधी सगळ्यात महत्त्वाचा आकडा सांगते. त्याच सीझनला नोव्हेंबरमध्ये दादाने पुण्यात सपाट रस्त्यावर हाफ २ तास १ मिनिटात केली होती. पीट रीगेल या अमेरिकन इंजिनियरचं एक सूत्र आहे, एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराचा अंदाज काढायचं, अंतर दुप्पट झालं की वेळ दोनने नाही तर साधारण २.०८५ ने गुणायची. १२१ मिनिटं गुणिले २.०८५ म्हणजे २५२, म्हणजे ४ तास १२ मिनिटं. आणि दादा आला ४:४४ ला. सूत्र काही देववाणी नाही, फुलसाठी ते जरा आशावादीच निघतं, पण ३२ मिनिटांची तफावत? त्याच्या शरीरात ४:१२ चं इंजिन आत्ताही होतं, वय झालं असतं तर हाफपण तितकीच घसरली असती ना. स्प्लिट बघितले तर पहिला अर्धा २:०६ आणि दुसरा अर्धा २:३८. म्हणजे भानगड वेगाची नव्हतीच, ३० किलोमीटरच्या पुढे काय होतं ही भानगड होती.

वयाचं म्हणाल तर ते आहेच, मी नाकारत नाही. शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरायची क्षमता तिशीनंतर दर दशकाला साधारण १० टक्क्यांनी उतरते, नियमित ट्रेनिंग करणाऱ्यांची त्यापेक्षा कमी. कमाल हार्ट रेट उतरतो, स्नायू कमी होतात, त्यातही जोर लावणारे वेगवान तंतू आधी जातात, आणि रिकव्हरीला जास्त दिवस लागतात. पण कॅनडाचे एड व्हिटलॉक २००४ मध्ये ७३ व्या वर्षी मॅरेथॉन २:५४:४८ मध्ये पळाले, जपानच्या मारिको युगेता साठी ओलांडल्यावर तीन तासांच्या आत येणाऱ्या जगातल्या पहिल्या बाई ठरल्या, २०१९ ला. ही माणसं वेगळ्या मातीची आहेत हे कबूल, पण व्हिटलॉक ट्रेनिंग कसं करायचे ते मला फार महत्त्वाचं वाटतं: घराजवळच्या एका कबरस्तानात, त्याच त्या छोट्या रस्त्यावर, तासन्‌तास एकदम सावकाश पळत राहायचे. सावकाश! हा शब्द मी दादाला वर्षभरात किती वेळा ऐकवला असेल त्याला गणती नाही.

आता वह्या. आठवड्याला ५ दिवस, साधारण ५५ किलोमीटर, कधी चुकवलं नाही. पण पेसचा, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या मिनिटांचा रकाना बघा, मंगळवारी ६:०५, बुधवारी ६:१२, शुक्रवारी ६:०० आणि रविवारी २० किलोमीटर तेही ६:१५ ने. सगळे दिवस सारखे. हार्ट रेटचा रकाना त्याहून बोलका, रोज सरासरी १५२ ते १५८. कमाल हार्ट रेट वयावरून काढायचं सूत्र आहे, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, त्याने १७४ येतो, आणि रेसच्या शेवटच्या स्प्रिंटला दादाच्या घड्याळात प्रत्यक्ष १७८ दिसलेला आहे, म्हणून आम्ही १७८ धरला. १५५ म्हणजे त्याचे ८७ टक्के झाले. म्हणजे हा माणूस रोज, आठवड्याचे पाचही दिवस, जवळजवळ टेम्पो रन (बराच वेळ टिकेल एवढं जोराचं पळणं) करत होता! इतकं जोरात की दुसऱ्या दिवसापर्यंत शरीर भरून येत नाही आणि इतकंही जोरात नाही की खरा वेग वाढेल. पंचविशीत हे पचून जातं, अठ्ठेचाळिशीत नाही पचत.

आणि इथे साताऱ्याचा खास प्रॉब्लेम आहे, बाहेरच्यांना कदाचित पटकन कळणार नाही. आमच्याकडे घरातून बाहेर पडलं की चढ. दादाचा आवडता रूट म्हणजे बोगद्यातून यवतेश्वरचा घाट, कास रोडने वर आणि तसंच खाली. हिल हाफ मॅरेथॉन याच रस्त्यावर होते, २०१२ पासून, आणि ती आमच्या गावाची शान आहे, सप्टेंबरात धुक्यातून हजारो लोक घाट चढताना बघून अंगावर काटा येतो. पण रोजच्या ट्रेनिंगला तो घाट म्हणजे रोज परीक्षा. चढाला हार्ट रेट १६५, आणि उतारावर त्याहून वाईट, उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेक मारत असतो आणि स्नायूचे तंतू सगळ्यात जास्त तुटतात ते असंच, म्हणून उताराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जास्त दुखतात. दादा त्या दुखण्याला "चांगलं पळणं झालं" याची खूण समजायचा. मुंबईत तर पेडर रोड सोडला तर सगळं सपाट, ४२ किलोमीटर एकच चाल लावून धरायची असते, आणि ती सवय त्याच्या पायांना कधी लागलीच नव्हती.

फेब्रुवारी सगळा विश्रांती आणि तपासण्या. चाळिशीनंतर ट्रेनिंग बदलणार असाल तर हे आधी करा, मी अगदी हात जोडून सांगते, विशेषतः घरात हार्टची हिस्टरी असेल तर. आमच्या वडिलांना ५६ व्या वर्षी अ‍ॅटॅक आला होता. दादाची स्ट्रेस टेस्ट केली, लिपिड, शुगरची तीन महिन्यांची सरासरी, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन बी-१२ आणि डी. हार्ट ठीक निघालं, बी-१२ आणि डी दोन्ही चांगलेच कमी निघाले, डॉक्टरांनी कोर्स दिला. "सारखा गळून जातो" ही त्याची तक्रार दोन वर्षांची होती आणि आम्ही सगळे ती बँकेच्या टेन्शनवर ढकलत होतो.

मार्चच्या शेवटी सुरुवात केली. नियम एकच: हार्ट रेट १३५ च्या वर जाऊ द्यायचा नाही. १७८ चे ७५ टक्के १३३ येतात, १८० वजा वय हा जो हिशेब खूप लोक वापरतात त्याने १३२, म्हणून आम्ही १३५ ला रेघ मारली. पहिल्या दिवशी संगम माहुलीच्या बाजूला, कोरेगाव रोडला गेलो, तो त्यातल्या त्यात सपाट. मी सोबत होते. पाच मिनिटांत घड्याळ वाजायला लागलं आणि दादा थांबला, चालला, परत पळाला, परत वाजलं. ६ किलोमीटरचा सरासरी पेस आला ७:२८.

"याला काय पळणं म्हणतात?" तो खरंच चिडला होता. "शेजारचे काका चालत पुढं जातील माझ्या."

"जाऊ देत की. तू तीन महिने दे मला, नाही फरक पडला तर परत तुझा घाट आणि तू."

"अगं पण घाम तरी यायला पाहिजे ना."

हा घामाचा हट्ट सोडवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सावकाश पळताना शरीरात जे होतं ते बाहेरून दिसत नाही, स्नायूंमध्ये बारीक केशवाहिन्या वाढतात, पेशींमधले ऊर्जेचे कारखाने म्हणजे मायटोकाँड्रिया वाढतात, चरबी जाळून पळायची सवय लागते आणि साठवलेली साखर वाचते. मॅरेथॉनमध्ये ३० नंतर गाडी बंद पडते ती बऱ्याचदा ही साखर संपल्यामुळे. रोज १५५ ने पळणारा माणूस रोज साखरेवरच पळत असतो, मग रेसच्या दिवशी तरी शरीर दुसरं काय करणार? हे मी त्याला फळ्यावर समजावल्यासारखं समजावलं, पण पटलं ते आकड्यांनी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तोच रस्ता, तेच ६ किलोमीटर, तोच १३५ चा हार्ट रेट, आणि फक्त पेस लिहायचा. एप्रिल ७:२८. मे ७:१९, तोही उन्हाळ्यात. जून ७:०५. जूनचा आकडा त्याने वहीत लाल पेनने गोल केलाय. त्या दिवसापासून वाद संपले.

यवतेश्वर बंद केला नाही, तेवढी माझी हिंमत नव्हती आणि गरजही नव्हती. इझी रनला चढ आला की चालायचं, आणि चढावरचं जोराचं पळणं दोन आठवड्यांतून एकदाच: घाटाच्या सुरुवातीच्या पट्ट्यात ६० सेकंद वर, मग चालत खाली, असे ८. चालत खाली यायचं कारण वर लिहिलंच, मांड्या वाचवायच्या.

दोन आठवडे का म्हणतेय ते सांगते, कारण माझ्या मते या सगळ्यात कामाला आलेली युक्ती हीच. सगळे तयार प्लॅन सात दिवसांच्या चक्रात बसवलेले असतात, मंगळवार स्पीड, गुरुवार टेम्पो, रविवार लाँग. पंचविशीच्या पोरांना ठीक आहे. दादाच्या वहीत मी तीन वर्षांच्या नोंदी लावून बघितल्या, कुठल्याही जोराच्या रननंतर त्याचा सकाळचा हार्ट रेट मूळ जागेवर यायला तीन दिवस लागत होते, लाँग रननंतर चार-पाच. मग सात दिवसांत तीन जोराच्या गोष्टी बसणार कशा? आणि बँकेला सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. हे दोन्ही एकत्र धरलं तर १४ दिवसांचं चक्र आपोआपच तयार होतं. मोठा लाँग रन दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, लगेच रविवारी पूर्ण आराम, आधी तो रविवारी २० पळून सोमवारी आठ तास काउंटरमागे बसायचा आणि पाय लाकडासारखे व्हायचे. मधल्या रविवारी मध्यम, १६ ते १८. १४ दिवसांत जोराच्या गोष्टी फक्त तीन: एक मोठा लाँग, एक टेम्पो, एक चढाचं सेशन. बाकी सगळं सावकाश किंवा सुट्टी. महिन्यात पाचवा शनिवार आला की दोन लाँग रनमध्ये तीन आठवड्यांचं अंतर पडायचं, तेव्हा मधला एक आठवडा मुद्दाम हलका ठेवायचो.

जुलैमध्ये माझ्याकडून एक मोठी चूक झाली. जूनचा ७:०५ बघून मला हुरूप आला आणि मी प्लॅनमध्ये ४०० मीटरचे ८ रिपीट (४०० मीटर वेगात, मध्ये दम घेऊन परत तेच) घातले, तेही चढाचं सेशन चालू ठेवून. वेगाचं पळणं आणि चढ दोन्ही पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या अकिलीस टेंडनवर जोर आणतात, आणि वयाबरोबर ती शीर लवकर दुखावते, रक्तपुरवठा तिला तसाही कमी. तिसऱ्या सेशननंतर दादा सकाळी पलंगावरून उतरला तो लंगडतच, टाचेच्या वर चार बोटं सूज आणि पहिली वीस-पंचवीस पावलं दुखणं. त्याने दोन दिवस मला सांगितलंच नाही, वहिनीने फोन करून सांगितलं. मला फार वाईट वाटलं, कारण ते दुखणं मी दिलेलं होतं.

फिजिओथेरपिस्टने पूर्ण बंद नाही केलं. पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहून दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची, वर येताना दुसऱ्या पायाने यायचं, गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट आणि गुडघा वाकवून १५ चे ३ सेट, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. पळताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त ताठर वाटलं तर अंतर कमी करायचं. पाच आठवडे चढ बंद, वेग बंद, फक्त सपाट आणि हळू. ऑगस्टची ६ किलोमीटरची टेस्ट आम्ही घेतलीच नाही.

पण त्या १२ आठवड्यांमुळे एक झालं, व्यायामाची सवय लागली. आधी दादाला जिम म्हणजे पोरांचं काम वाटायचं. आता आठवड्यातून दोनदा, ३५-४० मिनिटं: वजन घेऊन स्क्वॉट, एका पायावरचा स्क्वॉट, डेडलिफ्ट, पोटऱ्या, प्लँक. हलकी वजनं घेऊन पन्नासदा नाही, जड वजन ६ ते ८ वेळा. स्नायू टिकवायचे तर त्यांना जड काम द्यावं लागतं, नुसत्या पळण्याने ते टिकत नाहीत. इझी रनच्याच दिवशी संध्याकाळी जिम ठेवली, म्हणजे आरामाचा दिवस खरंच आरामाचा राहतो.

सप्टेंबरला हिल हाफ. यावर घरात रीतसर भांडण झालं म्हणा ना. त्याची तिथली बेस्ट २:१४ आहे, ऑफिसातले सगळे विचारणार, आणि मी म्हणत होते टाच आत्ताच शांत झालीये, पळायचं असेल तर हार्ट रेट १४५ च्या आत ठेवून पळ, उतारावर अजिबात सोडायचं नाही. शेवटी वहिनी मध्ये पडली, "तुम्हाला जानेवारी पाहिजे का सप्टेंबर, एक काय ते ठरवा." तो २:२७ ला आला. चेहरा पडलेला होता, पण सोमवारी सकाळी जिना नेहमीसारखा उतरला, आधीच्या वर्षी चार दिवस रेलिंगला धरून उतरत होता. वर्षात तीन-चार रेस फुल जोर लावून पळायच्या आणि मग मुख्य रेसला पाय थकलेले, हे मी आमच्या ग्रुपमध्ये दरवर्षी बघते, आणि मला मनापासून वाटतं की पंचेचाळीसच्या पुढे वर्षात दोन जोरदार रेस पुष्कळ झाल्या.

खाण्यापिण्याचा विषय आता. आम्ही एक आठवडा वजनकाट्यावर मोजून बघितलं. सकाळी पळून आल्यावर पोहे नाहीतर उपमा आणि चहा, डब्यात पोळी-भाजी, रात्री वरण-भात-भाकरी, दिवसाचं प्रोटीन ५० ग्रॅमच्या आसपास. वजन ७४ किलो. पळणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम लागतं आणि वय वाढतं तसं स्नायूंना तेवढाच परिणाम मिळायला एका वेळेला जास्त प्रोटीन द्यावं लागतं, म्हणजे दादाला १०० च्या पुढे हवं. सोमवार, गुरुवार आणि शनिवार तो अंडंही खात नाही. मग पळून आल्या आल्या ग्लासभर दूध आणि मूठभर फुटाणे, नाश्त्याला पोह्यांसोबत मोडाच्या मटकीची उसळ, इतर दिवशी तीन अंडी, डब्यात पनीर किंवा सोयाबीनची भाजी, रात्री वाटीभर दही आणि घट्ट वरण. ५० ग्रॅम सोया चंक्समध्ये २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन येतं, शाकाहारी दिवसाला याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. पावडर घेतली नाही, घेऊ नये असंही काही नाही.

आणि झोप. साडेअकराला झोपून साडेचारला उठणारा माणूस, पाच तास. लवकर उठून पळतो म्हणून सगळे कौतुक करायचे, पण शरीर दुरुस्त होतं ते झोपेत, तीच कापून किलोमीटर वाढवले तर हाती काय लागणार. दहाला टीव्ही बंद, आणि आठवड्यातल्या दोन सकाळी गजरच नाही. यात वहिनीचा वाटा माझ्यापेक्षा मोठा आहे. मार्चमध्ये सकाळचा हार्ट रेट ५८ होता, डिसेंबरात ५२.

ऑक्टोबरची टेस्ट आली ६:४१. आता खास मॅरेथॉनचं काम. टेम्पो म्हणजे १० मिनिटं ५:४० च्या आसपास, २ मिनिटं जॉग, असे ३, नंतर ४. आणि मोठे शनिवार: २४, २६, २८ ज्यातले शेवटचे १० रेसच्या पेसने म्हणजे ६:०० ने, मग ३०, मग डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ३२ पूर्ण सावकाश, चौथ्या शनिवारी २६ त्यातले १६ रेसच्या पेसने. तो २६ वाला दिवस माझ्यासाठी खरी परीक्षा होती, मी स्कूटरवर पाणी घेऊन मागे होते, शेवटच्या किलोमीटरला ५:५६ आला आणि तो बोलू शकत होता. सगळ्यात मोठ्या दोन आठवड्यांचं अंतर १२५ किलोमीटर, म्हणजे आठवड्याला आधीपेक्षा फक्त सात-आठ किलोमीटर जास्त. सोपं करून एवढंच सांगता येईल की अंतर फारसं वाढलं नाही, त्याची वाटणी बदलली. डिसेंबरची टेस्ट ६:२४, तोच रस्ता, तोच १३५.

लाँग रनला खायची प्रॅक्टिस ही पण पहिल्यांदाच केली. आधीच्या तिन्ही मुंबईत पाणी, इलेक्ट्रॉल आणि वाटेत कोणी दिली तर संत्र्याची फोड, आणि एक जेल (पळताना खायची साखरेची घट्ट पेस्ट) ३० व्या किलोमीटरला जेव्हा उपयोग संपलेला असतो. साडेचार तास पळणाऱ्याला तासाला ४० ते ६० ग्रॅम कार्ब लागतात. पोटाला सवय नसेल तर मळमळतं म्हणून ऑक्टोबरपासून प्रत्येक मोठ्या शनिवारी दर ३५ मिनिटांनी एक जेल, २५ ग्रॅमचा, नेहमी पाण्याबरोबर. खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की पण करून बघितली, खजूर चालले, चिक्की घशात अडकते, सुरुवातीच्या तासातच बरी.

साताऱ्याची जानेवारीतली पहाट कोरडी आणि गार, मुंबईची दमट, आणि दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून तोच पेस दहा-बारा ठोक्यांनी महाग पडतो. शेवटचे तीन आठवडे दादाने दोन-तीन रन संध्याकाळी साडेचारला उन्हात केले, जेवढी सवय होईल तेवढी. आणि ठरवलं की पहिले १० किलोमीटर पेस बघायचाच नाही, हार्ट रेट १४८ च्या आत.

शेवटचे दोन दिवस भात, बटाटे, साबुदाणा, तेल-तूप कमी. शुक्रवारीच मुंबईला गेलो, मावशीकडे. रविवारी पहाटे पाचच्या सुमारास सीएसएमटीहून सुरुवात. मी मरीन ड्राइव्हला उभी होते, आणि अ‍ॅपवर दर पाच किलोमीटरला त्याचे आकडे येत होते. पहिले १० किलोमीटर ठरल्याप्रमाणे. सी लिंकवर ५:५६, वारा पाठीवर होता म्हणे. अर्धं अंतर २:०५. दरवर्षी इथपर्यंत असाच असतो तो, म्हणून मला आनंद वगैरे काही झाला नाही, पोटात गोळा होता. २५, ६:००. ३० ला ५:५९. ३५ ला ६:०३. तेव्हा मात्र मी रडले, कारण मागच्या वर्षी याच पट्ट्यात ८:१० दिसलं होतं.

पेडर रोडचा चढ परतताना ३५ व्या किलोमीटरच्या पुढे येतो, आणि साताऱ्याच्या माणसाला तो चढ म्हणजे काहीच नाही असं लोकांना वाटतं. दादाने लहान पावलं टाकत, हात चालवत, एकदाही न थांबता काढला. उतारावर मात्र डाव्या मांडीत गोळा आला, दोन मिनिटं चालावं लागलं. मरीन ड्राइव्हला माझ्यासमोरून गेला तेव्हा मला बघून नुसता हात वर केला. ४ तास १३ मिनिटं. दुसरा अर्धा २:०८. स्वतःच्या बेस्टपेक्षा २३ मिनिटांनी कमी, मागच्या वर्षीपेक्षा ३१ ने.

आता यातलं नेमकं कशाने काम केलं? खरं उत्तर हे की इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर वेगळं काढणं अवघड आहे, आणि एका माणसाच्या वहीवरून सगळ्यांसाठी नियम बनवू नये हे गणिताच्या बाईला तरी कळायला पाहिजे. बी-१२ चा कोर्सपण आहेच त्यात. तरी माझं मत विचाराल तर पहिला नंबर सावकाश पळण्याचा आणि त्यातून आलेल्या सहनशक्तीचा, दुसरा रेसमध्ये वेळेवर खाण्याचा, शेवटच्या १० किलोमीटरमधली निम्मी मिनिटं तरी जेलने वाचवली असावीत, आणि तिसरा १४ दिवसांच्या चक्राचा, कारण त्यामुळे तो जानेवारीला ताज्या पायांनी उभा राहिला. दादाचं मत विचाराल तर तो झोप म्हणतो.

रेसनंतर दहा दिवस एक किलोमीटरही नाही, फक्त चालणं. अकराव्या दिवशी माहुलीला ५ किलोमीटर, ७:०२. आणि त्याच संध्याकाळी नवी वही घेऊन आला, पहिल्या पानावर लिहिलेलं, "३७ ते ४२, सरासरी ६:३१, डावी मांडी." त्या पट्ट्यातच अजून दोन-तीन मिनिटं पडलीयेत. उतार मी वर्षभर जवळजवळ बंदच ठेवला होता, मांड्या वाचवायला, पण थोडा उतार नियमित मिळाला की स्नायू त्याला सरावतात आणि पुढच्या वेळी कमी तुटतात, हे मी विसरले. म्हणून या वर्षी महिन्यातून एकदा यवतेश्वरच्या खालच्या वळणांवरून ३ किलोमीटर उतार, लहान पावलं, सुरुवातीला फक्त दीड, आणि तोही मोठ्या शनिवारापासून निदान सहा दिवस लांब. पहिला उतार येत्या रविवारी आहे, टाचेकडे लक्ष ठेवून.